जेट पंप: निम्मी ताकद जाते कुठे?

नमस्कार, श्रोतेहो. कार्यक्षमतेच्या परीक्षेत जेट पंप हमखास मागे पडतो. चांगला सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे फिरत्या चक्राने पाणी फेकणारा पंप, मिळालेल्या शक्तीपैकी ७०-८० टक्के शक्ती पाण्याला देतो; जेटची मजल साधारण ३०-३५ टक्क्यांपर्यंत. यात कारागिराचा दोष नाही. खोट तत्त्वातच आहे.

नोझलमधून दाबाचं पाणी सुसाट सुटतं. तिथला दाब घटतो, भोवतालचं पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या अरुंद नळीत, म्हणजे घशात, दोन्ही प्रवाह मिसळतात. इथेच घाटा होतो. समजा, वेगात आलेलं १ लिटर पाणी स्थिर असलेल्या १ लिटर पाण्यात मिसळलं. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, टिकतो, म्हणून वेग निम्मा होतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. दोन लिटर मिळून हिशेब केला तर तीही निम्मीच उरते. बाकीची भोवऱ्यांत विरून उष्णता होते. नोझल आरशासारखं घासलं तरी हा घाटा चुकत नाही. ओढलेलं पाणी घशाशी येतानाच थोडं वेगात असेल, तर मात्र तो कमी होतो, म्हणून त्याची वाट गुळगुळीत आणि निमुळती ठेवतात.

मग डिझाइन करणाऱ्याच्या हाती काय? मुख्यतः नोझल आणि घसा यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर. घशाच्या मानाने नोझल बारीक ठेवलं तर पाणी भरपूर, पण उंची कमी. मोठं ठेवलं तर उलट. दोन्ही एकदम मागू नयेत. घसा व्यासाच्या साधारण पाच-सातपट लांब हवा. आखूड असला तर मिश्रण अर्धवट राहतं, फार लांब असला तर घर्षण खातं. पुढचा डिफ्यूजर, म्हणजे वेगाचा दाब करणारी रुंदावत जाणारी नळी, घाईने रुंदावला की प्रवाह भिंत सोडतो आणि वेगाचा दाब होतच नाही.

एवढं असूनही हा पंप टिकला, कारण खुद्द जेटमध्ये हलणारा भागच नाही. काही अणुभट्ट्यांच्या पोटात तो याच गुणामुळे बसवलेला असतो. विहिरीत तर त्याची खरी गरज. वरून ओढून पाणी तत्त्वतः १०.३ मीटर, व्यवहारात ७-८ मीटरच चढतं. हवेचा दाबच तेवढा. दाब देणारा पंप आणि मोटर वर ठेवून जेट खाली सोडला की ही मर्यादा ओलांडता येते. मात्र पाणी ५-६ मीटरवरच असेल, तर जेट कशाला? साधा सेंट्रिफ्युगल बसवा, वीज वाचेल.