सान लोरेंझोतील मृतांचे दालन

श्रोतेहो, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातले सान लोरेंझो हे त्या शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचे हक्काचे चर्च. घराण्याची पेढी नावारूपाला आणणाऱ्या जोव्हान्नी दि बिच्चीने तेथे वास्तुकार ब्रुनेलेस्कीकडून एक सॅक्रिस्टी, म्हणजे धर्मगुरूंची वस्त्रे आणि पूजेची भांडी ठेवण्याचे दालन, बांधून घेतले आणि त्याच्या मधोमध एका संगमरवरी मेजाखाली तो स्वतः पत्नीसह विसावला. शंभरएक वर्षांनी चर्चच्या दुसऱ्या अंगाला मायकेलअँजेलोने उभारलेली नवी सॅक्रिस्टी मात्र मुळात मृतांसाठीच योजलेली आहे.

नेमूरचा ड्यूक जुलिआनो १५१६ साली गेला आणि उर्बिनोचा ड्यूक लोरेंझो १५१९ साली, तोही अवघ्या सव्विसाव्या वर्षी. पोप दहावा लिओ आणि कार्डिनल जुलिओ हे दोघेही मेदिचीच. ज्यांच्यावर घराण्याची भिस्त होती तेच दोघे ड्यूक गेल्यावर या पोप आणि कार्डिनलने मायकेलअँजेलोला हे काम सांगितले. पराक्रमाच्या दृष्टीने दोघेही बेताचेच, तरी सर्वांत भव्य थडगी त्यांच्या वाट्याला आली. उलट, ज्याच्यामुळे घराण्याची कीर्ती झाली तो थोरला लोरेंझो आणि १४७८ साली कॅथेड्रलमध्ये ऐन प्रार्थनेच्या वेळी मारला गेलेला त्याचा भाऊ, हे दोघे वेदीसमोरच्या भिंतीशी एका साध्या चौथऱ्यात आहेत, कारण त्यांचे थडगे मायकेलअँजेलोकडून पुरे झालेच नाही.

जुलिआनोच्या शवपेटीच्या उतरत्या झाकणावर ‘रात्र’ स्त्रीमूर्तीच्या रूपात पहुडली आहे. तिच्या मस्तकी चंद्रकोर आणि तारा, दुमडलेल्या पायाच्या आडोशाला घुबड, हाताजवळ मुखवटा. अंगावरचा संगमरवर घोटून असा गुळगुळीत केला आहे, की पोटावरच्या वळ्यांवरून प्रकाश निथळतो. शेजारच्या ‘दिवसा’च्या पुरुषमूर्तीच्या चेहऱ्यावर मात्र छिन्नीचे घाव तसेच राहिले आहेत. हा चेहरा अपुरा राहिला हे आपले भाग्यच, असे मला मनापासून वाटते, कारण दगडातून अजून पुरता बाहेर न आलेला माणूस येथे प्रत्यक्ष दिसतो.

१५२७ साली शहराने मेदिचींना हाकलले, तेव्हा मायकेलअँजेलोने प्रजासत्ताकाची बाजू घेऊन तटबंदीचे काम अंगावर घेतले. १५३० साली शहर पुन्हा मेदिचींच्या हाती पडले आणि त्याला लपून राहावे लागले. एव्हाना पोप सातवा क्लेमेंट झालेल्या त्याच जुलिओने त्याला क्षमा केली आणि पुन्हा याच थडग्यांवर आणून बसवले. १५३४ साली तो रोमला गेला, तो फ्लॉरेन्सला परतला नाही. उरलेली मांडणी इतरांनी लावली.

दोन्ही ड्यूकांचे पुतळे समोरासमोर बसलेले असूनही एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघांनीही मान वळवून नजर लावली आहे ती त्या साध्या चौथऱ्यावरच्या, बाळाला अंगावर पाजणाऱ्या मेरीकडे. वेदीमागे उभे राहून मृतांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या धर्मगुरूच्या समोरही तीच येते.