‘काही होत नाही, दाबा’

(साताऱ्यात ज्येष्ठांना मोबाईल शिकवण्यासाठी पुढे आलेल्या नव्या स्वयंसेवकांसमोर एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मागच्या बाकावरच्यांनी पुढे या. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, मागे कोण का बसतं ते मला कळतं.

आपला वर्ग शनिवारी चार ते सहा असतो. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे, बायका जास्त. पहिली दोन वर्षं मी तिथे एकच वाक्य घोकत होते. कुणाचं बोट स्क्रीनवर येऊन थबकलं की म्हणायचं, ‘काही होत नाही, दाबा.’ त्यांची भीड चेपावी, एवढाच हेतू. आणि चेपायचीही. कालपर्यंत फोन उचलायला घाबरणारी बाई पंधरा दिवसांत नातवाला फोटो पाठवायची आणि मला धन्यता वाटायची.

मग एका शनिवारी एक काकू आल्या आणि वर्ग संपेपर्यंत कोपऱ्यात गप्प बसून राहिल्या. सगळे गेल्यावर बोलल्या. जुनं कपाट विकायला काढलं होतं. गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका, जमा होतील.’ स्क्रीनवर काहीतरी आलं. काकूंना शंका आली होती बरं का! बोट थांबलं होतं. ‘मग तुमचं वाक्य आठवलं,’ म्हणाल्या. ४,८०० रुपये गेले. कपाट अजून घरातच आहे.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं असं नाही. शिकवलं होतं. पण ते एकदा सांगितलेलं होतं आणि ‘दाबा’ शंभर वेळा. कोणतं लक्षात राहणार?

काकूंच्या स्क्रीनवर आलं होतं ते पैसे जमा होण्याचं नव्हतं, त्यांच्याकडून पैसे मागण्याचं होतं. आता माणसामाणसांतली पैशांची ही ‘मागणी’ पाठवण्याची सोयच यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीय. बरं झालं. पण चोर काही दुकान बंद करून गावी गेलेला नाही. आता तो पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करतो आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झालीय’ म्हणतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही, पण समोर गणवेश दिसला की आपल्या पिढीची मान आपोआप खाली जाते.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना ग्रामशिक्षण मोहीम आठवत असेल. १९५९ साली आपल्याच जिल्ह्यात सुरू झाली, मग राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आपण करतोय ते त्याच जातीचं काम आहे, असं मला वाटायचं. एक फरक मात्र मला काकूंनी दाखवला. पाटीवर ‘क’ चुकला तर पुसून पुन्हा काढता येतो. ह्या पाटीच्या आत बँक आहे.

म्हणून आता मी भीती घालवत नाही. तिची वाटणी करते. फोटो, गाणी, अक्षरं मोठी करणं, बोलून मराठी टाईप करणं, इथे वाट्टेल ते दाबा, मी आहे. पण पिन, ओटीपी, आणि कुणीतरी पाठवलेली निळी लिंक, इथे घाबरायचं. घाबरून फोन खाली ठेवायचा, पाणी प्यायचं. ह्या घाबरण्याला कुणी हसलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि ‘सोपं आहे हो’ म्हणू नका. आपल्याला सोपं आहे. एक निवृत्त कंडक्टर काका होते, त्यांचा फोन मराठीत लावून दिला. तर ते दर वेळी एका खिडकीपाशी अडकायचे. खाली दोन शब्द: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. त्यांना नको असायचं, तरी ‘ठीक आहे’ दाबायचे. का? ‘रद्द केलं आणि खातंच रद्द झालं म्हणजे?’ ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागदावर ‘रद्द’चा शिक्का पाहिलाय, त्यांना तो शब्द तसाच दिसणार. मला हे कळायला दीड महिना लागला, कारण मी विचारलंच नव्हतं.

दुसरं, बोटं. म्हाताऱ्या माणसाचं बोट कोरडं असतं, स्पर्श लागत नाही. मग ते दारावरची बेल दाबावी तसं जोर लावून धरून ठेवतात. फोनला वाटतं, ह्यांना चिन्ह हलवायचंय. ते सरकतं, कधी गायबच होतं, आणि घरी ऐकावं लागतं, ‘काय करून ठेवलंस!’ बोट किंचित ओलं करा आणि टिचकी मारल्यासारखं उचला, एवढं सांगितलं तरी निम्मं रडगाणं थांबतं.

फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. ते घरी मुलं करतातच, ‘आण इकडे.’ अपवाद फक्त नोव्हेंबरचा. हयातीचा दाखला ऑनलाइन निघायला लागला २०१४ पासून, पण भांडी घासून आणि खुरपं धरून झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू येईनात. २०२१ पासून चेहरा दाखवूनही काम होतं. पेन्शन अडकेल म्हणून धास्तावलेल्या माणसाला त्या दिवशी शिकवत बसू नका. सरळ काम करून द्या. एक आजोबा त्या फोटोसाठी इस्त्रीचा सदरा घालून येतात. येऊ द्या.

आणखी एक. कुणी पिन टाकत असेल तर आपण पाठ फिरवायची. नुसती मान वळवायची नाही. उठून, भिंतीकडे तोंड करून, ‘मी बघत नाहीये’ असं मोठ्यानं म्हणायचं. थोडं नाटकी वाटतं, मान्य. पण आपला पिन मुलाला, सुनेला, बँकेतल्या शिपायाला सहज सांगून टाकणाऱ्या माणसाला त्यातून कळतं की हे लपवायचं असतं आणि लपवलं तर कुणी रागावत नाही.

ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये भरून द्या. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर लावायचा, रडून झाल्यावर नाही. आमच्या एका आजींनी तो ‘चोर’ नावानं साठवलाय. चालेल, सापडल्याशी कारण.

त्या कपाटवाल्या काकू? तीन महिने फिरकल्या नाहीत. मग आल्या. आता पैसे देताना स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचतात. मागे रांग लागते, लोक चुळबुळतात, काकू वाचतात. मंडईत एकदा मी त्यांच्या मागेच होते. पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव येतं ना, ते वाचून थांबल्या आणि भाजीवाल्याकडे बघून म्हणाल्या, ‘पुरुषोत्तम? मेल्या, वीस वर्षं तुला बाळू म्हणतेय मी!’