फुलोऱ्याचा खटका

श्रोतेहो, नमस्कार.

सफरचंदाचं बी पेरलं तर त्या रोपाला पहिलं फूल यायला बहुधा पाच ते दहा वर्षं जातात. रानटी जातीतला रोगप्रतिकारक गुण चांगल्या जातीत उतरवायचा, तर अशा पाच-सहा पिढ्या लागतात. एका माणसाची उमर त्यात सरते. फुलण्याचा खटका आपल्या हाती असेल, तर वर्षाला एक पिढी काढता येते. तो खटका कसा बसवतात आणि कुठे अडतो, ते आज पाहू.

दिवस किती लांब आहे हे पान ओळखतं, फूल मात्र येतं शेंड्याला. म्हणजे पानाकडून निरोप जायला हवा. तो निरोप म्हणजे ‘एफटी’ नावाचं चिमुकलं प्रथिन, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. ते पानाच्या शिरांत तयार होतं, रसवाहिनीतून शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे ‘एफडी’ या प्रथिनाशी जोडी जमवतं. मग पानं काढणारा शेंडा कळ्या काढू लागतो. ‘टीएफएल१’ हे एफटीचंच भावंड, पण कामाने उलटं: ते फुलोरा थोपवतं. ही दोन्ही प्रथिनं इतकी सारखी, की एफटीमधलं ८५ वं अमिनो आम्ल बदललं तर एफटीच फुलोरा रोखू लागतं.

मग एफटीचा जनुक सतत चालू ठेवला तर? फूल येतं, पण झाड हातचं जातं. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे ऊतीच्या तुकड्यापासून रोप वाढवण्याच्या, बाटलीतच बोटाच्या पेराएवढ्या कोंबाच्या टोकाला फूल उमलतं. शेंडा त्या फुलातच संपतो, पुढे पान नाही, खाली मूळ धरत नाही. अशा कोंबाला पाहून आनंद मानू नये. त्याचं रोप होणं अवघड.

म्हणून जनुकापुढे उष्णतेने जागा होणारा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, जोडतात. रोप हवं तेवढं वाढू द्यायचं, मग काही आठवडे रोज तास-दोन तास ३७ ते ४० अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं. इथे घाई नडते. रोप फार लहान असेल तर फुलं येतात, पण फळ पोसायला पानं पुरत नाहीत. कळ्या आल्यावरही उष्णता चालू ठेवली तर पराग वांझ निघतो. कळी दिसली की रोप थंड जागी हलवावं.

जनुक पानात घालायचा तो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या, वनस्पतीच्या पेशीत डीएनए सोडणाऱ्या जिवाणूच्या मदतीने. पानाचे तुकडे जिवाणूंच्या द्रावात १५-२० मिनिटं बुडवायचे, गाळणकागदावर नीट टिपायचे आणि दोन-तीन दिवस अंधारात ठेवायचे. टिपायला कंटाळा केला की तुकड्यांभोवती जिवाणूंची साय धरते आणि सगळी बॅच वाया जाते. त्यानंतर जिवाणू मारणाऱ्या सेफोटॅक्सिमने धुऊन कॅनामायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर ठेवायचं. आपल्या जनुकासोबत कॅनामायसिन सोसण्याचा जनुकही जोडलेला असतो. जनुक न गेलेले कोंब पांढरे पडतात. पण हिरवा कोंब म्हणजे खात्री नव्हे, पीसीआर, म्हणजे जनुक आहे का हे दाखवणारी डीएनए चाचणी, करायलाच हवी. त्यातही ऊतीत लपलेला जिवाणू फसवतो, म्हणून जिवाणूच्या स्वतःच्या जनुकाचीही चाचणी लावावी. ती नकारात्मक आली तरच पहिल्या निकालावर विसंबावं.

आता आमच्या मते सर्वांत मोलाचं: जनुकाची एकच प्रत बसलेलं रोप निवडा. एक प्रत असली की साध्या जातीशी संकर केल्यावर निम्म्या रोपांत ती जाते, निम्म्यांत नाही. वेगवेगळ्या जागी दोन प्रती बसल्या, तर प्रतीविना फक्त चतुर्थांश रोपं उरतात. शेवटच्या पिढीत हवी असतात ती हीच रोपं, कारण रोगप्रतिकारक गुण ठेवून खटका काढून टाकायचा असतो.

संकर करताना सफरचंदाची आणखी एक अडचण आहे. ते स्वतःच्या जातीचा पराग स्वीकारत नाही, म्हणून दर पिढीला वेगळी चांगली जात घ्यावी लागते. दर संकरात रानटी वाटा सरासरीने निम्मा होतो: पहिल्या संकरात ५० टक्के, मग २५, साडेबारा, पुढचे तीन संकर झाले की दीड टक्क्याच्या आसपास.

शेवटी निवडलेलं रोप खटक्याविना असल्याने पुन्हा पूर्वीसारखंच रेंगाळतं. उष्णता देऊनही ते फुलत नाही, आणि तीच त्याची खरी परीक्षा. त्याचा डोळा बुटक्या खुंटावर बांधला, की फळाची चव पाहायला तेवढी वाट पाहावी लागत नाही.