माळ्यावरचे रंगाचे डबे

मित्रहो, या टेबलावर मी दोन डबे आणून ठेवले आहेत. दोन्ही माझ्याच घरच्या माळ्यावरून काढलेले आहेत. एक चार लिटरचा, प्लास्टिकचा. त्यात हॉलच्या भिंतींसाठी घेतलेले इमल्शन तळाशी चार बोटे उरले आहे. दुसरा अर्ध्या लिटरचा, पत्र्याचा, कडेने गंजलेला. त्यात खिडकीच्या ग्रिलला लावलेला पिवळा ऑइल पेंट आहे आणि तो 2006 सालचा आहे. मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत 28 वर्षे नोकरी केली, तरीही हा डबा इतकी वर्षे माळ्यावर राहिला, कारण ‘लागेल कधीतरी’ हा विचार माझ्या घरातही तितकाच पक्का होता. आज बोलायचे आहे ते याच डब्यांविषयी.

दोन्हींना आपण रंगच म्हणतो, परंतु त्यांच्या वाळण्याच्या रीती अगदी वेगळ्या आहेत आणि विल्हेवाटीची सगळी पथ्ये त्या फरकातून निघतात. इमल्शनमधले पाणी उडून जाते आणि त्यात तरंगणारे ॲक्रिलिकसारख्या बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून भिंतीवर पापुद्रा तयार होतो. ऑइल पेंटमध्ये आधी टर्पेंटाइन उडते आणि मग उरलेले तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जाते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणजे पहिल्या डब्याचा धोका पाण्याला आहे आणि दुसऱ्याचा पाण्याइतकाच आगीचाही आहे.

पहिल्या डब्याविषयी आधी बोलतो. ‘पाण्यातला रंग आहे, पाण्यात सोडला तर काय बिघडते,’ असे अनेक सुशिक्षित माणसे मला विचारतात. त्या रंगात पांढरेपणा देणारा टिटॅनियम डायऑक्साइड असतो, खडूची भुकटी असते, बहुवारिकाचे कण असतात आणि डबा नासू नये म्हणून घातलेली जंतुनाशके असतात. डब्यात जंतू वाढू नयेत यासाठी जे रसायन घातले, ते ओढ्यात गेल्यावरही जंतूंना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना मारकच ठरते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचे काम जिवाणूंच्या जोरावर चालते. बंगल्याच्या सेप्टिक टाकीचेही तसेच. आणि पार्किंगमधल्या नळाशी धुतलेल्या ब्रशचे पाणी तर बहुधा त्या केंद्रापर्यंत जातच नाही, ते पावसाळी गटारातून सरळ ओढ्याला मिळते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीला बाहेरून रंग दिला जात होता. संध्याकाळी काम आटोपल्यावर रंगारी रोलर आणि बादल्या नळाखाली धरत आणि दुधासारखे पाणी लोखंडी जाळीतून खाली जात असे. ते कुठे जाते म्हणून मी एकदा मागच्या ओढ्यावर उतरलो. दगडांवर पांढरी साय बसली होती. नखाने खरवडली तर तिचा पापुद्रा अखंड निघाला. पुण्यातला ओढा मुळा-मुठेला मिळतो, मुळा-मुठा भीमेला, भीमेवर उजनी धरण आहे, आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. रंगाऱ्यांना मी दोष देत नाही. ब्रश कुठे धुवायचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम आम्हा रहिवाशांचे होते.

करायचे ते सोपे आहे. उरलेले इमल्शन पातळ स्वरूपात घराबाहेर जाता कामा नये. जुन्या खोक्यात प्लास्टिकचा कागद अंथरावा, त्यात रंग बोटभराहून कमी जाडीचा ओतावा आणि वर वाळू, लाकडाचा भुसा किंवा फाडलेली वर्तमानपत्रे घालून कालवावे. पातळपणा फार असेल तर मूठभर पांढरे सिमेंट घालावे. उन्हाळ्यात हवेशीर गच्चीत दोन-तीन दिवसांत त्याची ढेप होते. पावसाळ्यात आठवडाही लागतो. ब्रश आणि रोलर धुण्यापूर्वी उरलेला रंग वर्तमानपत्रावर निपटून घ्यावा, पहिले गढूळ पाणी बादलीत रात्रभर ठेवावे, वरचे निवळलेले पाणी संडासात सोडावे आणि खालचा गाळ त्याच खोक्यात टाकावा.

ऑइल पेंट, वॉर्निश, प्रायमर, थिनर आणि टर्पेंटाइन यांची गोष्ट निराळी. यांत भुसा घालू नये, वाळू घालावी. तेलाने भिजलेला भुसा किंवा चिंध्या ढिगाने ठेवल्या की आत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती साचत जाते आणि काही तासांत ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्याला काडी लागत नाही. दारांना जवसाचे तेल किंवा वॉर्निश लावून झाल्यावर फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात फेकण्याची सवय म्हणूनच घातक आहे. ती फडकी एकेक करून दोरीवर मोकळी वाळत घालावीत, नाहीतर पाण्यात बुडवून झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. या डब्यांची जागा स्वयंपाकघरावरच्या माळ्यात किंवा देवघराच्या बाजूला कधीही असू नये. आणि टर्पेंटाइन शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका, असे मी हात जोडून सांगतो. तहानलेले मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही. चुकून कोणी प्यालेच, तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरले की अधिक इजा होते. बाटलीसकट तडक रुग्णालय गाठावे.

आता कायद्याकडे येऊ. पर्यावरण संरक्षण अधिनियम 1986 खाली केंद्राने 2016 साली घनकचरा व्यवस्थापन नियम केले. त्यांत ‘घरगुती घातक कचरा’ असा स्वतंत्र प्रकार सांगितला आणि त्याच्या व्याख्येत पहिलाच शब्द टाकून दिलेल्या रंगाच्या डब्यांचा होता; पुढे कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर वगैरे. ओला, सुका आणि हा तिसरा असे तीन भाग घरातच वेगळे करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर टाकली. कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा जलाशयात टाकणे, जाळणे आणि पुरणे या तिन्हींना मनाई केली. 1 एप्रिल 2026 पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे. आता भाग चार आहेत आणि रंगाचे डबे ‘विशेष काळजी’च्या कचऱ्यात मोडतात. याखेरीज जलप्रदूषण अधिनियम 1974 च्या कलम 24 नुसार ओढ्यात वा विहिरीत प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाईच आहे. जाळण्याचा मोह खेड्यात अधिक होतो, उकिरड्यावर डबा टाकून काडी लावली जाते. बंद डबा तापला की फुटतो आणि निघणारा धूर आपल्याच अंगणात राहतो.

वाळलेली ढेपही घरातल्या सुक्या कचऱ्यात मिसळायची नाही. ती डब्यासह वेगळी द्यायची, झाकण उघडे ठेवून, आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘वाळलेला रंग’ असे लिहून. झाकण उघडे का, तर समोरच्या माणसाला आत काय आहे ते दिसावे म्हणून. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते आहे. या कामातल्या स्त्रिया हाताने वर्गवारी करतात आणि पत्र्याला भाव असल्याने डबा उघडून पाहतात. गच्च बसलेले झाकण दगडाने उचकटताना आतले थिनर तोंडावर उडाले, तर त्या बाईच्या डोळ्यांचे काय होईल, याचा विचार मी माळ्यावरून प्रत्येक डबा काढताना करतो. कचऱ्याच्या गाडीतही तेच घडते; दाबयंत्राखाली भरलेला डबा फुटला की रंग रस्ताभर सांडत जातो.

आता या पिवळ्या डब्याकडे वळतो. पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या ऑइल पेंटमध्ये पूर्वी शिसे या विषारी धातूचे क्रोमेट रंगद्रव्य म्हणून सर्रास असे, कारण तो रंग झळझळीत आणि टिकाऊ असतो. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, ठरवणारे नियम 1 नोव्हेंबर 2016 रोजी निघाले आणि वर्षभराने लागू झाले. त्याआधीच्या डब्यात किती शिसे आहे हे नुसते पाहून कळत नाही. उरलेला रंग दुसऱ्याला देणे ही एरवी सर्वांत चांगली विल्हेवाट. पण असा जुना ऑइल पेंट शाळेच्या बाकांना, पाळण्याला, खेळण्यांना लावायला देणे म्हणजे मुलांच्या तोंडात शिसे घालणे होय, कारण मुले बाक चाटतात आणि खपल्या खातात. तो वापरूच नये. अशा जुन्या रंगाची खिडकी खरवडायची असेल तर पॉलिश पेपर ओला करून चालवावा, खाली कागद पसरावा, मुलांना आणि गर्भवती स्त्रीला त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि खपल्या गोळा करून याच वेगळ्या कचऱ्यात द्याव्यात.

नवे इमल्शन मात्र अवश्य द्यावे. झाकण उघडून काठीने ढवळावे. वरची साय काढल्यावर खालचा रंग एकजीव झाला आणि नासका वास नसेल, तर तो चांगला आहे. जिन्याची भिंत, वॉचमनची खोली, गावाकडच्या शाळेचा व्हरांडा, यांना रंगाची छटा जुळण्याची फिकीर नसते. दुकानदार मशीनवर छटा बनवलेला रंग परत घेत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये.

वीस लिटरच्या रिकाम्या बादलीविषयी एक सांगायचे आहे, कारण ती वाया जात नाही आणि तिथेच गोम आहे. रंगारी ती नेतो, किंवा कामवाल्या बाई मागून घेतात, आणि टंचाईच्या दिवसांत तिच्यात पिण्याचे पाणी भरले जाते. ती बादली खाण्यापिण्यासाठी केलेली नसते आणि भिंतीला चिकटलेली जंतुनाशके धुऊनही पुरती जात नाहीत. देताना एवढे स्पष्ट सांगावे की ही फरशी पुसायला किंवा वाळू-सिमेंट न्यायला आहे, पाण्याला आणि धान्याला नाही.

मुळात रंग उरू नये हे सर्वांत बरे, आणि त्याला पाच मिनिटांचा हिशेब पुरतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. चारी भिंती मिळून 440 चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण 60 वजा केले की 380 उरतात. दोन हात मारायला एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते डब्यावर छापलेले असते. ते 120 असेल तर सव्वातीन लिटर लागतात, म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरून उरतो. रंगारी दहा लिटर आणायला सांगतो, कारण कमी पडल्यास त्याचा दिवस मोडतो. त्याला सांगावे की कमी पडला तर एक लिटरचा डबा मी स्वतः आणून देईन.

आता राहिला प्रश्न, हे सगळे वेगळे करून द्यायचे कुठे. 2016 च्या नियमांनी शहरात दर 20 चौरस किलोमीटरला, किंवा त्याहून लहान भागालाही, घरगुती घातक कचऱ्याचे एक संकलन केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात असे स्थानिक संस्थेला बजावले होते. तिथून पुढे असा माल तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रांकडे पाठवता येतो. ती सोय महाराष्ट्रात आहे. आपल्या प्रभागातले संकलन केंद्र सापडत नसेल, तर गृहनिर्माण संस्थेच्या नावाने क्षेत्रीय कार्यालयाला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पत्रात तीन गोष्टी विचाराव्यात: केंद्राचा पत्ता, ते घेण्याचे वार व वेळ, आणि वाळलेला रंग व द्रव थिनर वेगवेगळे घेतले जातात का. उत्तर येईपर्यंत सर्व घरांचे डबे एका खोक्यात, सावलीत, मीटरच्या खोलीपासून दूर ठेवावेत. आमच्या संस्थेच्या पत्राचा मसुदा मी सोबत आणला आहे. सचिवांकडे त्याच्या प्रती आहेत.