इंचांचा हिशेब

(दृश्य: काळोख. लांबून कायोटींची कोल्हेकुई. लाल टॉर्चच्या उजेडात शिडीच्या पायऱ्या.)

डिसेंबरची पहाट, दक्षिण टेक्सस. चार खांबांवर उभी असलेली ही खोली. इथे हिला ब्लाइंड म्हणतात. आपल्या जुन्या शिकारकथांत हिला मचाण म्हटलं असतं, पण या मचाणाला छप्पर आहे, सरकत्या खिडक्या आहेत आणि आत चाकांच्या दोन खुर्च्या आहेत. एकीवर रँचचा, म्हणजे गुरांच्या मोठ्या खासगी रानाचा, गाईड, दुसरीवर पैसे भरून हरणाच्या शिकारीला फ्लोरिडाहून आलेला पाहुणा. त्याने ही खुर्ची नऊ महिन्यांपूर्वी, मार्चमध्येच ईमेलने राखून ठेवली होती.

हळूहळू उजाडतं. समोर काटेरी रानातून बुलडोझरने पाडलेला सरळ पट्टा. झुडपं मेस्किटची, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. मधूनमधून फड्या निवडुंग. मराठवाड्यातल्या माणसाला परकं वाटू नये असं रान.

सव्वासात वाजतात आणि पट्ट्यावरचं पिंप खडखडतं. त्याला टायमर लावलेला आहे. मक्याचे दाणे चहूकडे उडतात. आधी पक्षी, मग माद्या, मग बऱ्याच वेळाने झुडपाच्या कडेला एक नर. शिंगांना दहा टोकं. पाहुण्याचा हात बंदुकीकडे जातो.

गाईड मान हलवतो. "चार वर्षांचा आहे. अजून दोन वर्षं द्यायचीत त्याला."

(दृश्य: नर मका खातो, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो.)

पांढऱ्या शेपटीच्या या हरणाला इथे व्हाइटटेल म्हणतात, नराला बक. त्याची शिंगं बैलासारखी जन्माची नसतात. दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी ती गळतात आणि वसंतापासून मखमली कातडीखाली पुन्हा नव्याने वाढतात. पाचव्या ते सातव्या वर्षाच्या सुमारास ती सर्वांत भरदार होतात. म्हणजे रँचवाल्याकडे विकायला मुख्यतः काय असतं, तर न मारलेली वर्षं. तीन वर्षांचा देखणा नर सोडून द्यायचा, चौथ्या वर्षी पुन्हा सोडायचा, आणि शेजाऱ्याने तो मारला नाही तर सहाव्या वर्षी पाहुण्याला दाखवायचा.

वय ओळखायचं कसं? आपल्या बैलबाजारात व्यापारी जबडा उघडून पाहतो: दोनदाती, चारदाती, जुळलेला. इथेही दात पाहतात, पण हरीण मेल्यावर. जिवंतपणी शंभर यार्डांवरून अंदाज बांधायचा. मान छातीत कुठे मिसळते, पोट किती लोंबतं, पाठ वाकली आहे का, अंगाच्या मानाने पाय आखूड दिसतात का. गाईडची खरी मजुरी या नजरेची आहे. गोळी काय, पाहुणाही झाडतो.

(दृश्य: रँचचं मोठं लोखंडी फाटक. आठ फुटांचं तारेचं कुंपण दूरपर्यंत.)

आता त्या मार्चमधल्या ईमेलकडे येऊ. असं बुकिंग करताना जाणकार माणूस आधी भाव विचारत नाही, कुंपण विचारतो. उंच की बुटकं? बुटक्या कुंपणावरून हरीण सहज उडी मारतं, आज इथे, उद्या शेजारी. आठ फुटी कुंपणातलं हरीण तिथलंच. मग जमीन किती एकर, एका हंगामात किती पाहुणे घेता, हरणं इथलीच की पैदास केंद्रातून आणून सोडलेली. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: जखमी होऊन पळालं तर? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. रक्त सांडलं की हरीण तुमचं, सापडो न सापडो, पैसे भरायचे.

राहणं, जेवण, गाईड हे पॅकेजमध्ये. परराज्यातल्या माणसाचा ३१५ डॉलरचा परवाना, गाईडची बक्षिसी आणि मुंडकं भिंतीवर लावण्याचा खर्च वेगळा. बयाणा परत मिळत नाही.

ह्यूस्टन-डॅलसमधल्या मराठी माणसाला यात एक गंमत कळेल. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या पाहुण्याला अमेरिकी कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण खिशात शिकारीचा वैध परवाना असेल तर येते.

आणि भाव? तो इंचांवर. समजा, १३० इंचांपर्यंत एक दर, १५० पर्यंत दुसरा, १७० च्या पुढे "फोन करा". चार-पाच हजार डॉलरला सुरू होणारी यादी दहा हजारांच्या पलीकडे सहज जाते.

इंच कसले, तर शिंगांचे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० मध्ये मोजणीची आजची रीत पक्की केली. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, मधलं अंतर, प्रत्येक टोकाची उंची, ठरलेल्या जागांवरचा घेर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज. डावं-उजवं जुळलं नाही तर वजाबाकी. अशा सुडौल शिंगांचा जागतिक विक्रम २१३ पूर्णांक ५/८ इंचांचा, कॅनडातल्या सस्कॅचवानमधला, १९९३ चा. गंमत म्हणजे हरीण निसटूच शकणार नाही अशा कुंपणातली शिंगं हा क्लब आपल्या वहीत घेत नाही. फूटपट्टी मात्र तिथेही त्याचीच चालते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. गुरांचे कळप, घोडेस्वार.)

आणखी एक विसंगती. कायद्याने हे हरीण रँचवाल्याचं नाहीच. रानातली जनावरं टेक्ससच्या जनतेची. पण राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी, त्यामुळे जनतेच्या हरणापर्यंत जाणारं फाटक मालकाचं. विकलं जातं ते हे फाटक.

हरणं इथे नेहमी इतकी नव्हती. पूर्वी इथे एक माशी होती, स्क्रूवर्म. उघड्या जखमेत अंडी घालणारी. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाची ओली नाळ तिला पुरायची. गुरं वाचवण्यासाठी १९६० च्या दशकात विमानांतून याच माशीचे वंध्य केलेले नर अब्जावधींच्या संख्येने सोडले, माशीची पुढची पिढी खुंटली. वाचवायची होती गुरं, पण वाचली हरणंसुद्धा. आज टेक्ससमध्ये व्हाइटटेल पन्नास लाखांच्या घरात आहेत, आणि कित्येक रँचवर गुरांपेक्षा हरणांचं उत्पन्न जास्त. भाषाही शेतकऱ्याची झाली आहे. "मारला" कुणी म्हणत नाही, "हार्वेस्ट केला" म्हणतात. ज्वारीला लावावा तो शब्द.

या शेतीला रोगही लागला. हरणाचा मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज २०१५ मध्ये टेक्ससच्या एका पैदास केंद्रातल्या व्हाइटटेलमध्ये सापडला. त्यावर औषध नाही. मोठ्या शिंगांसाठी नर ट्रकमधून गावोगाव फिरवणाऱ्या धंद्याला, माझ्या मते, हा प्रश्न टाळता येणारा नव्हता.

(दृश्य: गवताळ उतारावर काळवीट.)

हो, हे काळवीटच. रेहेकुरी अभयारण्यातलं नव्हे, टेक्ससचं. १९३० च्या दशकात इथे आणून सोडलं, सोबत चितळही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ज्याला हात लावला तर तुरुंग, त्याचा दर इथल्या यादीत व्हाइटटेलच्या खालच्या ओळीत छापलेला असतो. बाराही महिने उपलब्ध.

(दृश्य: पुन्हा ब्लाइंड. तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ.)

माजाचे दिवस आहेत. आज सकाळी गाईडने झुडपात बसून दोन जुनी शिंगं एकमेकांवर आपटली होती, दोन नर झुंजताहेत असं वाटावं म्हणून. तेव्हा कुणी आलं नाही. आता उन्हं कलताना पट्ट्याच्या टोकाला एक नर उभा आहे. मान आणि छाती एक झालेली, पाठ जरा वाकलेली. गाईड दुर्बीण बराच वेळ खाली ठेवत नाही. मग हळूच म्हणतो, "हा."

१२० यार्ड. एक आवाज. माद्या उधळतात, पांढऱ्या शेपट्या वर उचलून.

(दृश्य: शेड. ट्यूबलाइट. टेबलावर फीत, पेन्सिल, कागद.)

जबड्याचे दात पाहून झालेत. साडेसहा वर्षांचा. मांस कसायाकडे जाईल. पाठीच्या पट्ट्या आज रात्रीच्या तव्यावर. आता मोजणी. अन् इथे शिकारी माणूस पहिल्यांदाच छोट्या आकड्यासाठी देव पाण्यात घालून बसतो, कारण १५० ओलांडले की दर दुसरा.

गाईड बेरीज दोनदा करतो. १४९ पूर्णांक ३/८.

पाहुणा श्वास सोडतो. बाहेर अंगणात जाऊन घरी फोन लावतो.

"दीडशे," असं सांगतो.