झोपलेला माणूस आणि होडीचा वेग

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे ‘दोघांनी चालवायची सागरी शर्यतीची यॉट : वजन, रुंदी आणि स्थैर्य’. वजन येईल, रुंदी येईल, स्थैर्यालाही हात लावू. पण आधी मला बिछान्याबद्दल बोलायचं आहे. खरं तर तेवढ्यासाठीच मी आमंत्रण घेतलं, हे संयोजकांना आत्ता कळतंय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी मी सुटलो. दोघांच्या यॉटचं आरेखन बंकपासून, म्हणजे झोपायच्या अरुंद फळीपासून, सुरू करा. शिडांचं क्षेत्रफळ नंतर, कीलचं, म्हणजे तळाखालच्या जड पात्याचं, वजन नंतर, हलचा, म्हणजे होडीच्या अंगाचा, आकारसुद्धा नंतर. पहिल्या कागदावर २ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असे दोन आयत काढा आणि मग त्यांच्याभोवती होडी काढा. मागच्या रांगेत हशा झाला. हसा. तुमच्यातल्या निम्म्यांनी शर्यतीत शिडांच्या ओल्या पिशव्यांवर अंग टाकून झोप काढली आहे, तुमचे चेहरेच सांगतायत.

आता माझी जुनी तक्रार. यॉटच्या कुठल्याही प्रदर्शनात जा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : सहा जण झोपू शकतील. कुठे? तर दोघं होडीच्या पार पुढच्या टोकात, त्रिकोणी गादीवर. विक्रेता त्या खोलीचं दार असं उघडतो, जणू आत देव आहे. मी एकाला विचारलं, ‘इथे समुद्रात कोणी झोपलंय का?’ तो म्हणाला, ‘सर, फार प्रशस्त आहे.’ मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याने मला गादीचं कापड दाखवलं.

ही पुढची खोली बंदरात उत्तम. समुद्रात तिचं काय होतं, ते गणितच सांगतं. लाटेवर होडी पुढेमागे झुलते ती एका आडव्या अक्षाभोवती, आणि तो अक्ष साधारण होडीच्या मध्याच्या किंचित मागे असतो. झुलण्याचा वेग तोच असला, तरी बसणारा दणका अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. १० मीटरच्या होडीत पुढच्या गादीवरचं डोकं अक्षापासून ४ मीटर लांब आलं आणि आत उतरायच्या शिडीशेजारच्या बंकवरचं १ मीटर, तर पुढच्याला चौपट दणका. वाऱ्याच्या विरुद्ध चढत जाताना त्या गादीवरचा माणूस लाटेगणिक हवेत उचलला जातो. झोप सोडा, त्याला पडूनसुद्धा राहता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे ओली शिडं कोंबली जातात आणि प्रशस्त खोलीचं गोदाम होतं.

दिवाणखान्याची गोष्ट तीच. भर प्रदर्शनात मोकळी जमीन छान दिसते. पण होडी २५ अंशांनी कलली की त्या मोकळ्या जमिनीचा अर्थ एवढाच : पडायला जागा. समुद्रात चालणाऱ्या माणसाला दर अर्ध्या मीटरवर धरायला काहीतरी लागतं. अरुंद असलेलं बरं. कंबर टेकेल, खांदा टेकेल, एक हात मोकळा राहील. ‘राहण्याजोगी’ होडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोफा येतो. माझ्या डोळ्यांसमोर दांडा येतो, धरायचा. पण दांड्याचा फोटो माहितीपत्रकात कोण छापणार?

असो. तक्रार आवरतो. नाही, आवरत नाही, पण पुढे सरकतो.

भरपूर खलाशी असतील तर हे सगळं खपून जातं. एक दमला, दुसरा उठला. दोघांच्या होडीत मात्र एक जण नेहमी झोपलेला असतो, निदान असायला हवा. म्हणजे दोघांची होडी बहुतेक वेळ एकट्याची होडी असते. दोन तासांनी जो वर येणार आहे, त्याचं डोकं ताजं आहे की नाही यावर पुढच्या दोन तासांचा वेग ठरतो. शीड वेळेवर बदललं जाईल की ‘अजून जरा बघू’ म्हणत अर्धा तास वाया जाईल, वाऱ्याचा फिरलेला कोन दिसेल की नाही, हे सगळं त्या बंकवर ठरतं. क्लाउदिओ स्तांपी या संशोधकाने एकट्याने शर्यत करणाऱ्यांच्या झोपेचा कित्येक वर्षं अभ्यास केला. एलन मॅकआर्थर २०००-०१ च्या व्हाँदे ग्लोबमध्ये, म्हणजे एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, ९४ दिवसांत दुसरी आली, तेव्हा तिच्या झोपेची मोजणी झाली होती. शेकडो डुलक्या, एकेक सरासरी अर्ध्या तासाच्या थोडी वर, आणि सगळ्या मिळून दिवसाला साडेपाच तासांहून थोडी जास्त झोप. इथल्या काही जणांना जमिनीवरसुद्धा एवढी मिळत नसेल.

आता तबार्लीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला व्याख्यान देता येत नाही, आणि ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकली आहे त्यांनी खुशाल डुलकी काढावी, विषयाला धरूनच होईल. १९६० साली प्लिमथहून न्यूयॉर्कला एकट्याने जायची पहिली शर्यत झाली. पाच होड्या. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोचला आणि जिंकला. चार वर्षांनी दुसरी शर्यत, या वेळी अमेरिकेतल्या न्यूपोर्टपर्यंत. त्यात फ्रेंच नौदलातला एक लेफ्टनंट उतरला, एरिक तबार्ली. त्याची ‘पेन द्युइक २’ खास या शर्यतीसाठी प्लायवूडमधून बांधलेली, लांबी १३.६ मीटर. एकट्या माणसाला एवढी होडी आवरेल का, ही शंका रास्तच होती. त्यावर त्याचं उत्तर होतं, होडी हलकी ठेवा आणि माणसाला नीट बसवा.

बसवा म्हणजे अक्षरशः बसवा. आत नकाशाच्या टेबलापाशी त्याने हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलचं खोगीर बसवलं होतं, होडीच्या कलाप्रमाणे फिरवता येणारं. होडी इकडे कलो नाहीतर तिकडे, बैठक सरळ. आणि छतावर? सुंदरलँड जातीच्या समुद्री विमानाचा पारदर्शक घुमट. आत कोरड्यात बसून डोकं वर केलं की शिडं दिसतात, क्षितिज दिसतं. बाहेर १९६४ सालचा उत्तर अटलांटिक, आणि हा गृहस्थ मोटारसायकलच्या खोगिरावर.

पुढे काय झालं, ऐका. आठवड्याभरात त्याचं वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू मोडलं. अजून बराच अटलांटिक बाकी. तेव्हापासून दर तास-दीड तासाने उठायचं, दिशा सुधारायची, शिडं जुळवायची, परत आडवं व्हायचं. पठ्ठ्याने रेडिओवरून कोणाला काही कळवलं नाही. २७ दिवसांनी न्यूपोर्टला पोचला आणि आपला नंबर कितवा, हे त्याला किनाऱ्यावरच्यांकडून कळलं. पहिला! चिचेस्टर जवळजवळ तीन दिवसांनी आला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी तबार्लीला ‘लेजिओं दॉनर’ हा राष्ट्रीय सन्मान दिला. खोगिराला काही दिलं नाही. माझ्या मते अन्याय झाला.

ब्रिटिश अधिकारी ब्लाँडी हॅस्लरला विसरून चालणार नाही. ही शर्यत मुळात त्याची कल्पना. १९६० मध्ये तो आपल्या ‘जेस्टर’मधून दुसरा आला, ४८ दिवसांत. सुमारे २५ फुटांची होडी, चिनी पद्धतीचं शीड, आणि मधोमध एक गोल झाकण. त्या झाकणातून अर्धं अंग बाहेर काढून शीड कमी-जास्त करायचं, डेकवर पाऊल ठेवायची जवळजवळ गरजच नाही. २०१९ मध्ये ‘ह्यूगो बॉस’ ही इमोका ६० वर्गाची ६० फुटी शर्यती होडी पूर्ण बंद कॉकपिट, म्हणजे होडी हाकायची जागा, घेऊन आली, दोऱ्या ओढायचे विंच आत, दोऱ्या आत, माणूस आत, तेव्हा सगळीकडे क्रांती झाल्याची चर्चा. मला आपलं हॅस्लरचं झाकण आठवलं. अर्थात २५ नॉटच्या वेगाने डेकवरून येणारं पाणी हॅस्लरने कधी पाहिलं नव्हतं, तेवढं श्रेय नव्या लोकांना देऊ.

एक गंभीर गोष्ट. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत, म्हणजे इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायच्या शर्यतीत, ३०३ होड्या निघाल्या. वादळात १५ स्पर्धक गेले. २४ होड्या खलाशांनी सोडून दिल्या. त्यांतल्या बुडाल्या फक्त ५. बाकीच्या १९ नंतर तरंगत्या सापडल्या. मग लोक भक्कम होडी सोडून रबरी तराफ्यात का गेले? कारणं अनेक होती. पण चौकशीत एक गोष्ट ठळकपणे आली : आतलं सामान सुटलेलं. होडी आडवी झाल्यावर बॅटऱ्या, शेगड्या, डबे माणसांच्या अंगावर आलेले. तळाशी पाणी, त्यात तेल, त्यात काचा. ती जागा माणसाला नकोशी झाली. राहण्याजोगं म्हणजे काय, याची माझी व्याख्या तिथून येते. होडी उलटून परत सुलटी झाल्यावरही जिथे थांबावंसं वाटेल, ती जागा. फरशीच्या प्रत्येक फळीला कडी, बॅटरीला पट्टा, शेगडीला अडसर, बंकला मांडीच्या वर येईल एवढं उंच आणि खाली घट्ट बांधलेलं कापड. कपाटाची दारं हवीत कशाला? वजन वाढतं आणि उघडतात. कापडी खिसे लावा.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे वजन, रुंदी आणि स्थैर्य दहा मिनिटांत. बरं, फळा पुसा.

१० मीटरची होडी घ्या, रुंदी ३.३ मीटर. आठ खलाशी काठावर बसले, प्रत्येकी ८० किलो, मध्यरेषेपासून दीड मीटर लांब. तोल सावरणारं घूर्ण, म्हणजे वजन गुणिले अंतर, झालं ९६० किलोग्रॅम-मीटर. दोघांच्या होडीत एक बाहेर, तो १२०. म्हणजे ८४० ची तूट. ती कुठून भरणार? पहिला उपाय पाण्याचं बॅलास्ट, म्हणजे तोलासाठी टाकीत भरलेलं पाणी. तबार्लीनेच १९६९ मध्ये ‘पेन द्युइक ५’मध्ये वापरून सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो शर्यत जिंकली. वाऱ्याकडच्या टाकीत २०० लिटर, १.२ मीटरवर, म्हणजे २४०. क्लास ४० या ४० फुटी शर्यती होड्यांच्या वर्गात प्रत्येक बाजूला ७५० लिटरपर्यंत चालतं, पण ती होडी मोठी.

दुसरा उपाय म्हणून सगळे कील खोल करतात. कीलच्या टोकाचा १२०० किलोचा जड गोळा, म्हणजे बल्ब, २० सेंटिमीटर आणखी खाली नेला, होडी २० अंश कलली आहे असं धरलं, तर मिळतात ८२. आता माझा झोपलेला माणूस. तो वाऱ्याकडच्या बंकवर, मध्यरेषेपासून १.१ मीटरवर झोपला तर ८८. कोसाइनवाल्यांनी हात वर केले आहेत, तर कोसाइन लावून ८३. बल्ब २० सेंटिमीटर खाली नेण्याइतकंच काम हा माणूस घोरत करतोय. खोल कीलसाठी रेटिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या होड्यांना समान पातळीवर आणणाऱ्या हिशेबात, दंड बसतो, घोरण्यासाठी बसत नाही. शर्यतीच्या ५१ व्या नियमाप्रमाणे तोलासाठी सामान हलवता येत नाही, होडीच्या वर्गाच्या नियमांनी सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. माणसाने मात्र कुठल्याही बंकवर झोपावं.

अट एकच : दोन्ही बाजूंना खरे बंक हवेत, कॉकपिटच्या दोन अंगांना, डोकं शिडीकडे. त्यासाठी मागची बाजू रुंद लागते. रुंद पाठीमुळे हलचं स्वतःचं स्थैर्यही वाढतं, तूट आणखी भरते, उरलेलीसाठी निमूट शीड कमी करा. रुंद होडी कलली की मधलं एकच सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागतं, म्हणून दोन सुकाणू. मंद वाऱ्यात त्यांचं ओझं होतं आणि रुंद पाठही पाणी ओढते. तेव्हा माणसाला पुढे, डोलकाठीजवळच्या बाकावर झोपवा, वाऱ्याआडच्या बाजूला. म्हणजे चार बंक झाले, सहा नव्हेत. ऑटोपायलटचं यंत्र बंकखाली ठेवू नका, रात्रभर कण्हतं.

रुंद आणि सपाट होडी उलटीसुद्धा छान स्थिर राहते, हे विसरू नका. जानेवारी १९९७ मध्ये व्हाँदे ग्लोबमध्ये ब्रिटिश खलाशी टोनी बुलिमोर उलट्या होडीच्या पोटात अनेक दिवस अडकला होता. त्या शर्यतीनंतरच इमोकाला स्वतःहून सुलटं होण्याची अट आली. केबिनचं छत उंच आणि गोलसर ठेवा, उलटल्यावर तेच होडीला अस्थिर करतं. आत उभं राहता येतं, हा वरचा फायदा.

दुहेरी खलाशांनी जिंकता येतं का, हा प्रश्न २०१३ मध्ये संपला. पास्काल आणि आलेक्सी ल्वाझों या बापलेकांनी ‘नाइट अँड डे’ या जेपीके १०.१० जातीच्या होडीतून फास्टनेट सगळ्या गटांत मिळून जिंकली. ३३ फुटी होडी, दोन माणसं, आणि मागे पडलेले पूर्ण संख्येचे ताफे.

दुसरी चिठ्ठी. संडासाचं राहिलंच. प्रदर्शनातला संडास पार पुढे असतो, आणि तिथे बसायचं म्हणजे मघाचा चौपट दणका, शिवाय दोन्ही हात गुंतलेले. तो डोलकाठीच्या मागे घ्या, गुडघा समोरच्या बल्कहेडला, म्हणजे आडव्या भिंतीला, टेकेल इतका अरुंद ठेवा, आणि भांडं होडीच्या लांबीच्या दिशेने बसवा, आडवं नको. आडवं का नको, ते चहाच्या वेळी सांगतो.