तासिका तत्त्वावरचं मंत्रिमंडळ

श्रोतेहो, नमस्कार.

9 एप्रिल 1977, शनिवार. ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे माद्रिद ओस पडलेलं. अशात स्पेनच्या सरकारी रेडिओवर निवेदक बातमी वाचायला लागतो आणि त्याला चक्क धाप लागते. कागद हातात पडताच तो स्टुडिओत धावत आला होता. बातमी एवढीच, की कम्युनिस्ट पक्षाला कायदेशीर मान्यता मिळाली. यादवी युद्ध संपल्यापासूनची, म्हणजे 38 वर्षांची बंदी उठली! आम्हा रेडिओवाल्यांना असं धापा टाकत वाचायची मुभा नसते. पण ते ध्वनिमुद्रण लोकांच्या लक्षात राहिलं, ते त्या धापेमुळेच.

हा निर्णय घेणारं सरकार कुणाचं होतं? हुकूमशहा फ्रँको नोव्हेंबर 1975 मध्ये वारला. पुढच्या जुलैत राजे हुआन कार्लोस यांनी आदोल्फो सुआरेझ यांना पंतप्रधान नेमलं, तेव्हा लोकशाहीवाद्यांनी कपाळावर हात मारला. वय 43, आणि ओळख काय, तर फ्रँकोच्या एकमेव राजकीय संघटनेचे सरचिटणीस! फ्रागा, आरेइल्सा अशा वजनदार मंडळींनी मंत्रिपद नाकारलं. मग दुसऱ्या फळीतली माणसं गोळा करून खातेवाटप उरकलं. लोकांनी त्याचं बारसंही केलं : 'पेनेनेस'चं सरकार. पेनेनेस म्हणजे विद्यापीठातले कायम न झालेले प्राध्यापक. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे म्हणा ना! रिकार्दो दे ला सिएर्वा या इतिहासकारांनी तर वर्तमानपत्रात लेखच लिहिला, 'केवढी चूक, केवढी प्रचंड चूक!'

मला विचाराल तर ही माणसं जुन्या राजवटीत मुरलेली होती, हेच कामी आलं. कुणाची नाडी कुठे सापडते, हे त्यांना पाठ. बेत असा, की फ्रँकोची व्यवस्था फ्रँकोच्याच कायद्यांच्या चौकटीत, त्याच्याच संसदेकडून मोडून घ्यायची. 18 नोव्हेंबर 1976 ला राजकीय सुधारणा कायदा मताला आला. एकेकाचं नाव पुकारलं जातंय, सदस्य उभा राहून 'हो' किंवा 'नाही' म्हणतोय. 425 हो, 59 नाही, 13 तटस्थ. स्वतःच्या खुर्च्या त्यांनी स्वतःच मोडीत काढल्या! आकडे ऐकून सुआरेझ मान मागे टाकतात आणि सुस्कारा सोडतात.

कम्युनिस्टांचं प्रकरण मात्र लष्कराला झोंबलं. नौदलमंत्री अ‍ॅडमिरल पिता दा वेइगा यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी यायला सेवेतला कुणी अ‍ॅडमिरल तयार होईना, शेवटी राखीव यादीतल्या एकाला आणावं लागलं. तरीही 15 जून 1977 ला मतदान झालं. 1936 नंतरची ती पहिली खुली निवडणूक, आणि ती जिंकली सुआरेझ यांच्याच आघाडीने.

आणि हो, 'प्रचंड चूक' लिहिणारे ते इतिहासकार. 1980 मध्ये ते संस्कृतिमंत्री झाले. पंतप्रधान होते आदोल्फो सुआरेझ.

नमस्कार.